यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण : एका विभागणीची ऐतिहासिक तपासणी

१

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारगाडीच्या इतिहासात इंधन-पुरवठ्याचे तीन टप्पे सांगण्याची प्रथा आहे. प्रथम कार्ब्युरेटर, नंतर यांत्रिक अंतःक्षेपण आणि शेवटी इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपण, असा हा क्रम होय. शिकविण्यास तो सोयीचा आहे. कारण त्यात प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याची सुधारलेली आवृत्ती ठरतो आणि पोलादाकडून विद्युत्-मंडलाकडे जाणारी एक सरळ रेषा वाचकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते. तथापि सालवारी तपासू लागताच ही रेषा सरळ राहत नाही. इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपणाची योजना अमेरिकेत १९५७ साली जाहीर झाली. मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाडीवर ते १९६७ साली आले. आणि ज्या यांत्रिक पद्धतीचा सर्वांत अधिक प्रसार झाला, ती मात्र त्यानंतर, १९७३ साली, बाजारात आली. काही निर्मात्यांनी तर इलेक्ट्रॉनिक पद्धती काही वर्षे वापरून ती सोडून दिली आणि यांत्रिक पद्धतीचा अंगीकार केला.

या गुंतागुंतीची एक खूण मर्सिडीज-बेंझ गाड्यांच्या नावांत सापडते. त्या नावांतील ‘ई’ हे रोमन अक्षर ‘आइनश्प्रित्सुंग’, म्हणजे अंतःक्षेपण, या जर्मन शब्दाचे आद्याक्षर आहे. १९५८ सालच्या ‘२२० एसई’ या गाडीवर ते होते व तिचा पंप पूर्णतः यांत्रिक होता. १९६९ सालच्या ‘२८० एसई ३.५’ या गाडीवर तेच अक्षर होते. परंतु तिच्यातील नियंत्रण इलेक्ट्रॉनिक होते. ‘४५० एसई’ ही गाडी प्रथम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने निघाली आणि १९७५ सालच्या अखेरीपासून यांत्रिक पद्धतीने निघू लागली. अक्षर पालटले नाही. १९८२ सालच्या ‘१९० ई’ मध्ये दोन्ही पद्धतींचा मिलाफ होता. एकाच अक्षराच्या छत्राखाली इतके प्रकार नांदत असतील, तर ‘यांत्रिक’ व ‘इलेक्ट्रॉनिक’ ही विभागणी नेमकी कशाची, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

ही दोन विशेषणे यंत्रणा कशाची बनलेली आहे, एवढेच सांगतात. ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर कसे देते, हे सांगत नाहीत. त्यासाठी तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात. इंजिनात जाणारी हवा कशी ओळखली जाते? इंधन कोणत्या मापाने दिले जाते? आणि दिलेले माप बरोबर होते की नाही, याची चौकशी कोणी करते काय? जुन्या गाड्यांतील निरनिराळ्या पद्धतींना हे तीन प्रश्न विचारले असता इतिहासाची खरी सीमारेषा नेहमीच्या जागी आढळत नाही, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२

मूळ प्रश्न प्रमाणाचा आहे. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इंजिनाकडून जास्तीत जास्त शक्ती हवी असेल तर इंधन काहीसे अधिक द्यावे लागते. इंजिन थंड असेल तर पुष्कळच अधिक, कारण थंड धातूवर पेट्रोलची वाफ नीट होत नाही. हवेचे वजन उंचीनुसार व तपमानानुसार पालटते. चालक हवेच्या मार्गातील थ्रॉटलची झडप क्षणोक्षणी कमीजास्त उघडत असतो. अशा स्थितीत प्रत्येक क्षणी योग्य प्रमाण राखणे, हे इंधन-पुरवठ्याच्या यंत्रणेचे काम होय.

कार्ब्युरेटर हे काम एकाच क्रियेत करतो. विल्हेल्म मायबाख याने १८९३ साली फवाऱ्याचा कार्ब्युरेटर सिद्ध केला, तेव्हापासून त्याचे तत्त्व कायम आहे. हवेचा मार्ग एके ठिकाणी अरुंद केला की तेथे हवेचा वेग वाढतो व दाब घटतो. घटलेल्या दाबामुळे शेजारच्या लहानशा टाकीतील पेट्रोल बारीक छिद्रातून ओढले जाते. हवा जितकी अधिक, तितकी ओढ अधिक. हवेचे मापन आणि इंधनाचा पुरवठा ही येथे दोन कामे नाहीत. हवा स्वतःच आपले इंधन उचलते.

या साधेपणाची किंमतही आहे. अरुंद केलेला मार्ग इंजिनाच्या श्वसनास अडथळा करतो. एका कार्ब्युरेटरमधून चार किंवा सहा सिलिंडरांकडे जाणारे मिश्रण सर्वांना सारखे पोहोचत नाही. टाकीतील पेट्रोलची पातळी तरंगत्या गोळ्याने राखली जात असल्यामुळे वाहन फार कलले की ती बिघडते. हे दोष टाळावयाचे तर इंधन दाबाखाली नेऊन प्रत्येक सिलिंडरपाशी फवारणे हा मार्ग उरतो. परंतु असे करताच मापन व पुरवठा यांची फारकत होते. हवा एकीकडे, इंधन दुसरीकडे. आणि हवा किती आली ही वार्ता इंधनापर्यंत नेणारा कोणीतरी दूत आवश्यक होतो. अंतःक्षेपणाचा सारा इतिहास हा या दूताचा इतिहास आहे.

३

यांत्रिक अंतःक्षेपणाचा उगम डीझेल इंजिनात आहे. श्टुटगार्टच्या बॉश कंपनीने १९२७ साली डीझेल इंजिनाच्या अंतःक्षेपण-पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक दट्ट्या असतो. दट्ट्याच्या अंगावर तिरकी कड कोरलेली असते. एका दातेरी पट्टीने दट्ट्या थोडासा फिरविला की ती कड लवकर किंवा उशिरा छिद्राशी येते आणि त्या मानाने इंधन कमीजास्त जाते. डीझेल इंजिनात हवेचा मार्ग आकुंचित केला जात नाही. ते प्रत्येक वेळी पूर्ण श्वास घेते आणि शक्ती केवळ इंधनाच्या मानावर ठरते. त्यामुळे पंपाला हवेची वार्ता कळण्याची विशेष गरज नव्हती. पेट्रोल इंजिनात ती गरज अटळ होती, आणि पेट्रोलच्या पंपाचे सारे अवघडपण येथूनच सुरू होते.

विमानांच्या इंजिनांनी ही अडचण प्रथम सोडविली. जर्मनीच्या डाइमलर-बेंझ ६०१ या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. याच काळातील ब्रिटिश रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनास कार्ब्युरेटर होता. विमानाने एकाएकी नाक खाली घेतले की त्याच्या टाकीतील इंधन वर उसळे आणि इंजिन क्षणभर बंद पडे. फार्नबरो येथील संशोधनसंस्थेतील अभियंता बीॲट्रिस शिलिंग यांनी १९४१ साली एक छिद्र असलेली लहानशी चकती बसवून या दोषास पुष्कळसा आळा घातला. तरंगत्या गोळ्यापासून सुटका हा अंतःक्षेपणाचा लाभ किती मोलाचा होता, हे या उदाहरणावरून कळून येते.

युद्धोत्तर जर्मनीत ही विद्या मोटारगाडीकडे वळली, ती प्रथम अगदी लहान गाड्यांकडे. गुटब्रोड सुपीरियर आणि गोलिआथ जीपी ७०० या १९५० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांतील गाड्यांची इंजिने द्विधाव पद्धतीची होती. अशा इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो. केवळ हवा आत घेऊन इंधन मागाहून फवारले तर ही नासाडी टळते. यानंतर १९५४ साली न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झालेल्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल या गाडीत हीच विद्या शक्तीसाठी वापरण्यात आली. तिच्या तीन लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनास सहा दट्ट्यांचा बॉश पंप होता, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाई आणि इंजिन २१५ अश्वशक्ती देई. हवेची वार्ता शोषणनळीतील दाबावर हलणाऱ्या एका पडद्याने पंपाच्या दातेरी पट्टीस कळविली जाई.

या पंपाचा एक दोष उद्बोधक आहे. तो इंजिनानेच फिरविला जात असल्यामुळे ठिणगी बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत तो इंधन टाकीत राही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील वंगण धुऊन खाली उतरे आणि तेलात मिसळून ते पातळ करी. लांबच्या प्रवासात तेल तापून पेट्रोल उडून जाई. परंतु थोड्या अंतराच्या फेऱ्यांत तसे होत नसे. इंजिन फिरत आहे म्हणजे त्यास इंधन हवे आहे, हे गृहीत धातूत बसविलेले होते. ते केव्हा खोटे ठरते, हे पंपास कळण्याचा मार्ग नव्हता. २२० एसई या गाडीत इंधन सिलिंडरमध्ये न सोडता त्याच्या तोंडाशी, शोषणमार्गात, सोडण्यात आले, आणि पुढे दीर्घकाळ बहुतेक गाड्यांनी हाच मार्ग पत्करला.

यांत्रिक परंपरेचे सर्वांत परिणत रूप म्हणजे तीन मितींचा कॅम. १९६९ सालच्या पोर्शे ९११ गाड्यांच्या ‘ई’ व ‘एस’ या प्रकारांत असा कॅम असलेला बॉश पंप होता. हा कॅम म्हणजे उंचसखल पृष्ठभागाचा एक लहान धातूचा तुकडा. त्याची एक हालचाल इंजिनाच्या गतीने होई व दुसरी थ्रॉटलच्या उघडण्याने. दोहोंच्या संयोगाने पृष्ठभागावरील जो बिंदू स्पर्शकाखाली येई, त्याची उंची इंधनाचे माप ठरवी. कोणत्या गतीस व किती उघड्या थ्रॉटलला इंजिन किती इंधन मागते, हे प्रयोगशाळेत मोजून काढलेले कोष्टकच त्या धातूत कोरलेले असे. कुगेलफिशर कंपनीचे पंपही याच कुळातले. १९७१ सालच्या बीएमडब्ल्यू २००२ टीआयआय या गाडीत असा पंप होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हा पंप हवा मोजीतच नाही. कारखान्यातील नमुन्याच्या इंजिनाने त्या परिस्थितीत किती हवा घेतली होती, ही स्मृती तो बाळगतो आणि तीवर विसंबून माप देतो. इंजिन नमुन्याप्रमाणे असेपर्यंत त्याचे उत्तर अचूक आणि प्रतिसाद अत्यंत तत्पर असतो. झडपा उघडणारा दंड बदलला किंवा सिलिंडर झिजले, तर ती स्मृती शिळी होते.

परंतु यांत्रिक पद्धती म्हणजे स्मृतीवर चालणारी पद्धती, असेही समीकरण मांडता येत नाही. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीवर १९५७ साली आलेली रॉचेस्टर पद्धती यांत्रिकच होती. पण ती मार्गातील आकुंचनाने हवेचा प्रवाह अजमावी व सर्व छिद्रांतून अखंड इंधन सोडी. २८३ घन इंचांच्या इंजिनातून २८३ अश्वशक्ती मिळविल्याचा तिचा लौकिक झाला; १९६५ साली ती मागे घेण्यात आली. एकाच ‘यांत्रिक’ शब्दाखाली हवा मोजणारी आणि न मोजणारी अशा दोन वेगळ्या जाती त्या काळीच नांदत होत्या.

४

त्याच १९५७ साली बेंडिक्स कंपनीची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही पद्धती अमेरिकेत जाहीर झाली. तिच्यातील मूलभूत कल्पना पंपाच्या परंपरेहून सर्वथा भिन्न होती. इंधनाचा दाब एका साध्या विजेच्या पंपाने कायम ठेवावयाचा. प्रत्येक सिलिंडरपाशी विद्युत्-चुंबकाने उघडणारी एक झडप, म्हणजे इंजेक्टर, बसवावयाचा. आणि ती झडप किती वेळ उघडी ठेवावयाची, एवढेच ठरवावयाचे. दाब स्थिर आणि छिद्र ठरावीक असल्यामुळे इंधनाचे माप हे केवळ वेळेचे माप बनते. दट्ट्याच्या पंपात घनफळ मोजले जाई. येथे सेकंदाचे सहस्रांश मोजले जाऊ लागले.

या पालटाचे महत्त्व विजेच्या वापराहून मोठे आहे. दट्ट्याच्या पंपात दाब निर्माण करणे, माप ठरविणे आणि नेमक्या क्षणी इंधन सोडणे ही तिन्ही कामे धातूच्या एकाच जोडीकडे असतात. त्यामुळे ती जोडी अतिशय सूक्ष्म मापाने घासून बसवावी लागते व महाग पडते. वेळेचे माप पत्करल्यावर ही कामे वेगळी झाली. दाब पंपाने सांभाळावा, झडपेने केवळ उघडावे व मिटावे, आणि विचार तिसऱ्याच ठिकाणी व्हावा. माप पालटावयाचे तर धातू पुन्हा कोरण्याचे कारण उरले नाही.

कल्पना योग्य असूनही साधने अपुरी होती. १९५८ सालच्या क्रायस्लर कंपनीच्या काही निवडक गाड्यांवर ही पद्धती बसविली गेली. संख्या अगदी थोडी होती आणि त्यांतील बहुतेकांवर पुढे कार्ब्युरेटर चढविण्यात आले. त्या काळचे विद्युत्-घटक मोटारीच्या इंजिनाशेजारची उष्णता, ओलावा व हादरे सोसण्याइतके भरवशाचे नव्हते. बेंडिक्सच्या पेटंटांचा परवाना घेऊन बॉश कंपनीने हे काम पुढे नेले आणि १९६७ साली फोल्क्सवागेन १६०० या गाडीवर आपली पद्धती आणली. तीच पुढे ‘डी-जेट्रॉनिक’ म्हणून ओळखली गेली.

या पद्धतीत शोषणनळीतील दाब एका संवेदकाने मोजला जाई. त्यात दाबानुसार फुगणाऱ्या धातूच्या पोकळ डब्या असत व त्यांच्या हालचालीने विद्युत्-संकेत पालटे. इंजिनाची गती वितरकातील स्पर्शकांवरून कळे. हवेचे व इंजिनाचे तपमान सांगणारे वेगळे संवेदक असत. ही सर्व माहिती ट्रँझिस्टरांच्या एका पेटीत एकत्र येऊन इंजेक्टर उघडा राहण्याची वेळ ठरे. इंधनाचा दाब अवघा २ बारच्या आसपास होता.

या पद्धतीस अमेरिकेत वाव मिळाला तो धुराच्या कायद्यामुळे. कॅलिफोर्नियात १९६६ सालच्या गाड्यांपासून आणि सर्व अमेरिकेत १९६८ सालच्या गाड्यांपासून धुरातील दूषित वायूंवर मर्यादा आल्या. १९६७ सालच्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या असता या कायद्याचा परिणाम स्पष्ट दिसतो. फोल्क्सवागेनने अमेरिकेस पाठवावयाच्या १६०० गाडीस इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपण बसविले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ट्रायम्फ टीआर ५ ही गाडी लूकस कंपनीच्या यांत्रिक अंतःक्षेपणासह निघाली. परंतु तिचीच अमेरिकी आवृत्ती, टीआर २५०, कार्ब्युरेटर लावून पाठविण्यात आली. एका निर्मात्याने ज्या बाजारपेठेसाठी अंतःक्षेपण पत्करले, तिच्याचसाठी दुसऱ्याने ते काढून ठेवले.

यावरून इलेक्ट्रॉनिक पद्धती श्रेष्ठ ठरली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. डी-जेट्रॉनिकही हवा प्रत्यक्ष मोजीत नव्हती. शोषणनळीत इतका दाब आणि इंजिनाची इतकी गती असता हवा इतकी जात असावी, असे अनुमान ती करी. ते अनुमानही नमुन्याच्या इंजिनावरूनच बांधलेले होते. झडपांचे अंतर बिघडले, धुराड्यात अडथळा आला किंवा इंजिन झिजले, की दाब व हवा यांचा परस्परसंबंध पालटे. पेटीस ते कळत नसे. पोर्शेच्या कॅमने जी स्मृती धातूत कोरली होती, तीच येथे विद्युत्-मंडलात बसविलेली होती. माप देण्याची रीत पालटली; ज्ञानाचे स्वरूप पालटले नाही.

५

हा मुद्दा ध्यानात घेतला म्हणजे १९७३ सालची घटना कोड्यासारखी वाटत नाही. त्या वर्षी अमेरिकेसाठी बनविलेल्या पोर्शे ९११ टी गाडीवर बॉशची ‘के-जेट्रॉनिक’ पद्धती आली आणि ती यांत्रिक होती. येणाऱ्या हवेच्या मार्गात एक गोल तबकडी तरफेवर तोललेली असते. हवेचा लोंढा तिला उचलतो. तरफेचे दुसरे टोक एका खांबास वर ढकलते. खांब वर सरकला की भोवतालच्या नळीतील बारीक उभ्या चिरा त्या मानाने उघड्या पडतात आणि प्रत्येक चिरेतून एकेका सिलिंडरकडे इंधन अखंड वाहू लागते. इंजिन थंड असताना खांबावरील प्रतिदाब कमी करून इंधन वाढविण्याची योजना असते. ही तबकडी इंजिनात जाणारी हवा स्वतः तोलते. मूळ वैशिष्ट्य हेच होय.

या यांत्रिक पद्धतीचे ३०० एसएलच्या पंपाशी असलेले नाते नावापुरतेच आहे. हिचा पंप विजेवर चालतो, इंजिनाच्या दंडावर नव्हे. इंधनाचा दाब सुमारे ५ बार इतका कायम राखला जातो. धडक्यागणिक माप देणारा दट्ट्या येथे नाही. रचनेच्या दृष्टीने ती इलेक्ट्रॉनिक डी-जेट्रॉनिकला अधिक जवळची आहे. व्होल्व्होने १४० मालिकेतील गाड्यांत १९७४ साली डी-जेट्रॉनिक सोडून के-जेट्रॉनिक घेतली. मर्सिडीज-बेंझनेही तसेच केले. १९७६ सालची फोल्क्सवागेन गोल्फ जीटीआय आणि १९८० सालची फेरारी ३०८ जीटीबीआय यांसारख्या अगदी वेगळ्या थरांतील गाड्यांवर ती बसली. हे प्रत्यागमन मागासलेपणाचे लक्षण नव्हते. अनुमानाऐवजी मापन स्वीकारण्याचा तो निर्णय होता.

याच सुमारास बॉशने ‘एल-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक पद्धतीही आणली. १९७४ सालच्या पोर्शे ९१४ गाडीच्या १.८ लिटर प्रकारात ती होती. हिच्यात हवेच्या मार्गात एक बिजागरीचा पडदा असे. तो किती उघडला यावरून हवेचे मान कळे आणि इंजेक्टरची वेळ ठरे. या तिन्ही नावांतील आद्याक्षरे पाहण्याजोगी आहेत. ‘डी’ हे ‘द्रुक’, म्हणजे दाब, या शब्दाचे. ‘एल’ हे ‘लुफ्ट’, म्हणजे हवा, या शब्दाचे. ‘के’ हे ‘कोंटिनुइर्लिश’, म्हणजे अखंड, या शब्दाचे. दोन नावे काय मोजले जाते ते सांगतात व तिसरे इंधन कसे दिले जाते ते सांगते. यंत्रणा धातूची की विजेची, हे यांपैकी एकही अक्षर सांगत नाही. नाव ठेवणाऱ्यांनी भेद योग्य जागी पाहिला होता.

भेद कोठे आहे याची एक साधी कसोटी जुन्या गाडीवर प्रत्यक्ष पाहता येते. थ्रॉटलच्या पलीकडे शोषणनळीस बारीक चीर पडली आणि तेथून चोरटी हवा आत शिरू लागली, असे समजू. डी-जेट्रॉनिक असलेल्या गाडीत नळीतील दाब वाढतो, पेटी त्यास वाढलेला भार समजते आणि इंधनही वाढविते. गाडी उभी असता इंजिन विनाकारण जलद फिरू लागते. के-जेट्रॉनिकमध्ये ही हवा तबकडीवरून आलेलीच नसते. तिच्यासाठी इंधन मिळत नाही, मिश्रण पातळ पडते आणि इंजिन अडखळते. एल-जेट्रॉनिकमध्येही हेच घडते, कारण ती हवा पडद्यास टाळून आलेली असते. तात्पर्य, एकच चीर असता यांत्रिक ‘के’ व इलेक्ट्रॉनिक ‘एल’ यांचे लक्षण एक आणि दोन्ही इलेक्ट्रॉनिक असलेल्या ‘डी’ व ‘एल’ यांची लक्षणे परस्परविरुद्ध. केवळ ‘इलेक्ट्रॉनिक’ एवढ्या शब्दावर विसंबून दोष शोधणारा कारागीर येथे चुकीच्या वाटेस लागेल, आणि त्याच शब्दावर विसंबून इतिहास लिहिणाराही.

६

आतापर्यंतच्या सर्व पद्धतींत एक उणीव समान होती. कोणी स्मृतीवरून, कोणी अनुमानाने, कोणी मापनाने इंधन देई. परंतु ज्वलनाचा परिणाम काय झाला, हे मागे वळून पाहण्याची सोय कोणाकडेही नव्हती. ती सोय १९७६ साली आली. धुरातील तीन प्रकारचे दूषित वायू एकाच वेळी निरुपद्रवी करणारे उत्प्रेरक-पात्र हवा व इंधन यांचे प्रमाण १४.७ च्या अगदी निकट असले तरच पूर्णपणे काम करते. कितीही उत्तम रीतीने आगाऊ बसविलेली यंत्रणा इतके काटेकोर प्रमाण वर्षानुवर्षे राखू शकत नाही. म्हणून धुराड्यातच एक साक्षीदार बसविण्यात आला. झिर्कोनियाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाचा हा संवेदक धुरातील प्राणवायूची बाहेरच्या हवेतील प्राणवायूशी तुलना करतो. मिश्रण योग्य प्रमाणाच्या एका बाजूकडून दुसरीकडे गेले की त्याचा विद्युत्-दाब झपकन पालटतो. यास ‘लँब्डा’ संवेदक असे नाव पडले.

हा संवेदक प्रथम व्होल्व्होच्या २४० मालिकेतील कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या गाड्यांवर आला, आणि तेथे तो यांत्रिक के-जेट्रॉनिकला जोडलेला होता. इंधन-वितरकातील दाब किंचित कमीजास्त करणारी, भराभर उघडमीट करणारी एक विजेची झडप मध्ये घालून धुराची साक्ष तबकडीच्या निर्णयास जोडण्यात आली. ज्या क्षणी इंधन-पुरवठा प्रथमच आपल्या कृतीच्या परिणामास उत्तरदायी झाला, त्या क्षणी मूळ यंत्रणा यांत्रिक होती, ही गोष्ट रूढ त्रिटप्पी इतिहासात बसत नाही.

तथापि या घटनेनंतर यांत्रिक पद्धतीचे भवितव्यही ठरून गेले. दुरुस्तीची सूचना जर विद्युत्-संकेताच्या रूपाने येणार, तर ती झेलणारी यंत्रणाही तीच भाषा बोलणारी असणे सोयीचे. १९७९ साली बीएमडब्ल्यू ७३२ आय या गाडीवर आलेल्या ‘मोट्रॉनिक’ पद्धतीत इंधन व ठिणगी या दोहोंचे नियंत्रण अंकांवर चालणाऱ्या एकाच गणकाकडे आले. पोर्शेच्या कॅमवरील उंचसखल पृष्ठभाग येथे संख्यांच्या कोष्टकात उतरला. धातूतील स्मृती पुन्हा आली. फरक एवढाच की ती आता धुराच्या साक्षीने दुरुस्त होऊ शके. ‘१९० ई’ मधील केई-जेट्रॉनिक ही या संक्रमणाची मधली अवस्था होय. तिच्यात तबकडी कायम होती आणि विजेचे नियंत्रण वरून बसविलेले होते. विजेचा भाग बंद पडला तरी तबकडीच्या आधाराने गाडी घरी पोहोचू शके. १९९० नंतरच्या दशकात नव्या गाड्यांतून हीही पद्धती मावळली.

७

भारतात हा इतिहास वेगळ्या क्रमाने घडला. बंगळूर येथे १९५१ साली स्थापन झालेल्या मायको कंपनीमुळे डीझेलचा यांत्रिक पंप येथील कारागिरांच्या चांगला परिचयाचा झाला आणि ‘पंप’ व ‘नोझल’ हे शब्द मराठी कारखान्यांत रुळले. परंतु कुर्ल्यास बनणारी प्रीमिअर पद्मिनी काय किंवा अँबॅसडर काय, पेट्रोलच्या गाड्या दीर्घकाळ कार्ब्युरेटरवरच चालल्या. मुंबईसह चार महानगरांत १९९५ साली नव्या पेट्रोल गाड्यांस उत्प्रेरक-पात्र आवश्यक झाले, २००० साली देशभर धुराचे नवे निर्बंध लागू झाले, आणि त्या सुमारास गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे दिसू लागली. यांत्रिक पेट्रोल-अंतःक्षेपणाची अवस्था येथील उत्पादनात आलीच नाही. परिणामी मराठी बोलीत डीझेलच्या संदर्भात यांत्रिक असलेले ‘इंजेक्शन’ पेट्रोलच्या संदर्भात आपोआपच इलेक्ट्रॉनिक ठरले. कार्ब्युरेटरनंतर एकदम इलेक्ट्रॉनिक, असा अनुभव असलेल्या वाचकास मधला पन्नास वर्षांचा गुंता दिसू नये, हे स्वाभाविक आहे.

सारांश, जुन्या मोटारगाड्यांतील यांत्रिक व इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपण यांत भेद आहे, आणि तो मुख्यतः इंधनाच्या मापाचा आहे : दट्ट्याच्या पंपात घनफळ, चिरेत उघडीक, विजेच्या झडपेत काळ. परंतु इतिहासास वळण देणारा भेद याहून निराळा आहे. पहिले वळण स्मृती व अनुमान यांकडून प्रत्यक्ष मापनाकडे गेले, आणि ते १९७३ च्या सुमारास यांत्रिक व इलेक्ट्रॉनिक या दोन्ही शाखांत एकदमच आले. दुसरे वळण मापनाकडून उत्तरदायित्वाकडे गेले, आणि ते १९७६ साली यांत्रिक शाखेत प्रथम आले. विजेचा विजय हा या दोन वळणांचा परिणाम होता. त्याला त्यांचे कारण मानणे म्हणजे कार्यकारणभाव उलटा करणे होय.

जुन्या वस्तूंचे जतन करणाऱ्यांसही हा विवेक उपयोगी आहे. ३०० एसएलचा पंप उघडला असता दट्ट्याची झीज दिसते आणि ती भरून काढता येते; पोर्शेचा कॅम हातात घेतला तर एका इंजिनाविषयीचे सारे ज्ञान बोटाखाली लागते. डी-जेट्रॉनिकची पेटी उघडली असता मंडल दिसते, पण त्यातील अनुमान दिसत नाही. ते समजण्यास ती कोणत्या इंजिनासाठी व कोणत्या गृहीतांवर बांधली होती, याची नोंद शेजारी असावी लागते. वस्तू जपून ठेवली आणि ती नोंद हरवली, तर पुढच्या अभ्यासकाच्या हाती ‘यांत्रिक’ किंवा ‘इलेक्ट्रॉनिक’ एवढी चिठ्ठी उरेल. आणि ती चिठ्ठी किती थोडे सांगते, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.